सबज्याच्या डब्यातला बेसिल

मागच्या जूनमध्ये नर्सरीतून ‘इटालियन बेसिल’चं एक रोप आणलं, चांगले दीडशे रुपये मोजून, आणि कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत ते ठेवल्या ठेवल्या आईनं एक पान चुरडून नाकाला लावलं आणि म्हणाली, अरे हा तर सबजा! मी हसलो, पण बरोबर तीच होती. उन्हाळ्यात सरबतात, फालुद्यात घालतो तो सबजा म्हणजे बेसिलचंच बी, शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम, आणि वृंदावनातली तुळस त्याच्याच कुळातली, चुलत बहीणच म्हणा.

मग डब्यातला चिमूटभर सबजा कुंडीत मातीवर नुसता भुरभुरला (खोल पुरायचा नाही). पाणी लागलं की बियांभोवती तो बुळबुळीत थर येतो ना, तो मुळात आपल्या सरबतासाठी नाहीये, अंकुर फुटेपर्यंत बी ओलं राहावं म्हणून आहे. आठवड्यात उगवला. पण वास? बडीशेपेकडे झुकणारा. कारण जात तीच असली तरी वाणावाणात तेल वेगळं, आपल्याकडच्या बऱ्याच वाणांत बडीशेपेसारख्या वासाचं मिथाइल चॅव्हिकॉल जास्त, आणि इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या वाणात लिनलूल आणि लवंगेतलं युजेनॉल. त्यामुळे पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, करायचा तर दीडशे रुपये अगदीच वाया नाही गेले.

हे तेल असतं कुठे, तर पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये. भिंग घेऊन पानाची मागची बाजू बघा, चकचकीत ठिपके दिसतील. बोट लागलं की त्या फुटतात, म्हणून नुसत्या स्पर्शानं हाताला वास येतो. पेस्टो हा शब्दच कुटणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आलाय, तिकडे संगमरवरी खलात बेसिल, लसूण, जाडं मीठ, पाइन नट्स कुटून त्यात चीज आणि ऑलिव्ह ऑइल घालतात. मी काजू घालतो, जिनोव्हाच्या लोकांनी माफ करावं. मिक्सर लावला तर भांडं आधी फ्रिजमध्ये गार करा आणि थांबून थांबून फिरवा, नाहीतर चटणी गरम होते, हवा मिसळते आणि कापलेल्या वांग्यासारखी काळी पडते, एन्झाइमही त्याच प्रकारचं. पानं पाच-दहा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर हिरवा रंग टिकतो, पण थोडा वास जातोच, मला तो सौदा पटत नाही.

एकदा अख्खी जुडी फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी पानं काळी! उष्ण प्रदेशातलं झाड, साधारण १० ते १२ अंशांच्या खाली त्याच्या पेशींना इजा होते. आता जुडी पेल्यात पाणी घालून ओट्यावरच ठेवतो, फुलांसारखी, आणि डिसेंबरमध्ये पुण्यात रात्री गारठा वाढला की कुंडी घरात. पावसाळ्यात मात्र पाण्यानंच मरतं, कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते आधी बघा.

आई तुळशीसारख्याच याच्याही मंजिऱ्या खुडते. फुलोरा आला की नवी पानं येणं थांबतं, आणि शेंड्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पानांच्या बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवतं, म्हणून पेराच्या जरा वर खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात. खुडलेले शेंडे त्याच दिवशी पास्त्यात जातात, पण गॅस बंद केल्यावरच, नाहीतर सगळा वास चिमणीतून शेजाऱ्यांकडे.