शल्यचिकित्सकाचा बचाव (वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यातील)

शस्त्रक्रियेमुळे हानी झाल्याच्या आरोपावरून भरपाई मागितली गेल्यास, आपण वाजवी कौशल्य व काळजी वापरली होती, अशी शल्यचिकित्सकाने न्यायासनापुढे मांडलेली बाजू. भारतात असे दावे दिवाणी न्यायालयात चालतात. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणणाऱ्या १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ निकालानंतर मात्र बहुतेक तक्रारी ग्राहक आयोगाकडेच जातात. तिथे लेखी जबाबाला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात.

रुग्ण दगावला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. तो सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. १९५७ च्या इंग्लंडमधील ‘बोलम’ खटल्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने ‘जेकब मॅथ्यू’ (२००५) निकालात स्वीकारली. त्या कसोटीनुसार, संबंधित वैद्यकीय शाखेतील जबाबदार डॉक्टरांचा एखादा वर्ग तसाच उपचार करत असेल, तर दुसरा वर्ग वेगळे करतो म्हणून डॉक्टर दोषी होत नाही. त्यामुळे बचावाला तज्ज्ञाचे मत लागते. पण तज्ज्ञ बोलणार केसपेपरवरूनच. नाडी-रक्तदाबाच्या वेळा, ऑपरेशन नोट्स, भूलतज्ज्ञाची नोंद हे सगळे त्या त्या वेळी लिहिलेले असेल तरच त्याला वजन येते. नोटीस आल्यावर घातलेली भर उलटतपासणीत बहुधा अंगाशी येते. संमतीपत्राचेही तसेच. ‘समीरा कोहली’ (२००८) प्रकरणात निदानासाठीच्या तपासणीला संमती असताना गर्भाशय काढले गेले, आणि बचाव तिथेच लंगडा पडला.

महाराष्ट्रातील दोन खटले या बचावाच्या मर्यादा दाखवतात. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला पुण्याला आणले गेले. त्याच रात्री तो गेला. हाड बसवण्याचे पुढे ढकलले होते, पाय फक्त हलक्या ताणाने स्थिर केला, मृत्यू फॅट एम्बोलिझमने (चरबीचे कण रक्तवाहिनीत अडकल्याने) झाला, असे डॉक्टरांचे म्हणणे. भूल न देता जोर लावून पाय ओढल्याने बसलेला धक्का हेच कारण न्यायालयांनी मानले आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. दुसरा औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातला, १९६३ चा. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात मॉप (रक्त टिपण्याचे कापड) राहिला. इथे वस्तुस्थितीच बोलते असे मानले जाते. तज्ज्ञांच्या मतभेदाला फारसा वाव उरत नाही.

फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय प्रक्रिया करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.