आखाजीचा झोका किती सेकंदांचा?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात निंबाच्या जाड फांद्यांना झोके लागतात. त्यावर लहान पोर बसो की माहेरी आलेली आत्या, एका फेरीला वेळ जवळपास तेवढाच लागतो. वजनाबरोबर पृथ्वीची ओढ वाढते, पण हलवायचा भारही तेवढाच वाढतो. उरते फक्त दोराची लांबी. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून दोनाने गुणा, जाऊन परत येण्याचे सेकंद मिळतील. 1 मीटरला 2 सेकंद, 4 मीटरला 4.

पडताळायला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. टोकाला झोका रेंगाळतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही. म्हणून तो तळातून जाताना 'शून्य' म्हणा, त्याच दिशेने 10 वेळा जाऊ द्या आणि वेळेला 10 ने भागा. सुरुवातच 'एक' म्हणून केली तर फेऱ्या 9 च होतात, 4 सेकंदांचा झोका 3.6 चा दिसतो. लांबीही फळीपर्यंत मोजू नका. बसणाऱ्याच्या साधारण बेंबीच्या पातळीपर्यंत मोजा, सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, तिथे असतो. उभं राहिलं की तो वर सरकतो आणि फेरी लवकर होते. हा हिशेब थोडंच झुलणाऱ्या झोक्याचा, बरं का! दोर उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत गेला तर फेरी सुमारे 7 टक्क्यांनी लांबते.

उभ्याने झोका चढवणाऱ्या बायकांकडे नीट पाहा. टोकाला त्या गुडघे वाकवतात, तळाला ताठ होतात. तळाला दोरावर ताण सर्वात जास्त. त्याच्याविरुद्ध अंग उचलायला जी मेहनत पडते ती झोक्यात ऊर्जा म्हणून साठते. टोकाला ताण कमी, म्हणून खाली बसताना त्यातली थोडीच परत जाते. एका फेरीत हे दोनदा घडतं.

खालून ढकलणाऱ्यालाही झोक्याचाच ताल धरावा लागतो. 4 सेकंदांच्या झोक्याला दर 4 सेकंदांनी, तो मागच्या टोकाहून वळला की हलका धक्का द्या. झोका चढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. दर 3 सेकंदांनी कितीही जोर लावा, काही धक्के उलटे बसतात आणि आधी दिलेलं काढून घेतात.

60 अंशांवरून तळाला येणारी 50 किलोची बाई फांदीला 100 किलोसारखी जाणवते, 90 अंशांवरून 150 किलोसारखी. दोर जिथे घासतो तिथे गोणपाट गुंडाळा. बांधून झाल्यावर तिघांनी मिळून लोंबकळून पाहा. एकाचं वजन पेललं म्हणून फांदी झोक्याला चालेल असं नाही.