परदेशात स्टेम सेल उपचारासाठी निघण्यापूर्वी
मज्जारज्जूला दुखापत झालेल्या आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही व्हीलचेअरच्या बैठका आणि कुशन बनवतो. आम्ही डॉक्टर नाही. पण माप देऊन झालं की ग्राहक, नाहीतर त्याची आई, हळूच मोबाइल पुढे करते आणि विचारते, ‘‘परदेशात हे हॉस्पिटल आहे, स्टेम सेल देतात म्हणे. जाऊ का?’’ उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देणं आम्हाला जड जातं. घर विकायच्या तयारीत असलेल्या माणसाला दोन वाक्यं पुरतही नाहीत. म्हणून हे पत्रक काढलं. कुठल्याही हॉस्पिटलकडून किंवा एजंटकडून आम्ही कमिशन घेत नाही. तुम्ही गेलात किंवा न गेलात, तरी आमच्याकडून मिळणारी सेवा तीच राहील.

आमचं मत आधीच सांगतो. मज्जारज्जूच्या जुन्या दुखापतीवर गुण येतो असं नीट सिद्ध झालेला आणि पैसे भरून घेता येणारा स्टेम सेल उपचार आज जगात कुठेही नाही. संशोधन मात्र खरं आहे आणि ते चांगल्या लोकांच्या हातात आहे. तुमच्या मोबाइलवर येते ती बहुतेक वेळा जाहिरात असते, आणि ती या संशोधनाचंच नाव घेऊन येते.

पेशी कुठल्या, कुठून काढलेल्या, कुठे टोचणार?

‘स्टेम सेल’ हे एका औषधाचं नाव नाही. अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या तुमच्याच पेशी असतात, दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या नाळेतल्या असतात, भ्रूणापासून वाढवलेल्या असतात, किंवा साध्या पेशींना प्रयोगशाळेत मागे, त्यांच्या मूळ अवस्थेत नेऊन तयार केलेल्या ‘आयपीएस’ पेशी असतात. या प्रत्येकाचं काम वेगळं आणि धोकाही वेगळा. खासगी केंद्रं बहुधा मज्जेतल्या, चरबीतल्या किंवा नाळेतल्या ‘मेसेन्कायमल’ पेशी देतात. या पेशी तुटलेल्या जागी जाऊन नवी नस बनतात, असं चित्र माहितीपत्रकात काढलेलं असतं. प्रत्यक्षात त्या काही दिवस ते काही आठवडे टिकतात आणि तेवढ्या काळात सूज कमी करणारी, आसपासच्या पेशींना जगायला मदत करणारी द्रव्यं सोडतात. दुखापत ताजी असताना याचा उपयोग होऊ शकतो, असं मानायला आधार आहे. पाच वर्षांपूर्वीच्या दुखापतीत तिथे घट्ट व्रण झालेला असतो, काही जणांच्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेली असते. तिथे ही द्रव्यं काय करणार, हा प्रश्न केंद्राला विचारायलाच हवा.

टोचण्याची जागाही विचारा. शिरेतून सलाइनबरोबर दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा पहिल्या फेरीतच फुप्फुसात अडकतात. कमरेतून मणक्याच्या पाण्यात सोडल्या तर त्या मज्जारज्जूच्या जवळ पोचतात, पण संसर्गाचा धोका येतो. थेट मज्जारज्जूत सुई घालायची तर ती मोठी शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्या चांगल्या भागालाही इजा होऊ शकते. हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा परिणाम आम्ही रोज बघतो. मानेच्या सी-६ पातळीवर दुखापत असलेला माणूस मनगट वर उचलतो, तेव्हा बोटं आपोआप मिटतात. त्या मिटण्याच्या जोरावर तो चमचा धरतो, पाण्याचा ग्लास उचलतो, स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालतो. एकच पातळी वर गेली, म्हणजे सी-५ झाली, की मनगट उचलता येत नाही आणि हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. ‘आता गमवायला काय उरलंय?’ असं आम्ही पुष्कळ घरांत ऐकलंय. उरलेलं असतं. ते मनगट उरलेलं असतं.

खऱ्या प्रयोगांत काय दिसलं?

भ्रूणपेशींपासून बनवलेल्या पेशी माणसाच्या मज्जारज्जूत टोचण्याची पहिली मान्यताप्राप्त चाचणी अमेरिकेत २०१० साली सुरू झाली. जेरॉन या कंपनीने पाच जणांना पेशी दिल्या आणि २०११ साली पैशांच्या कारणाने काम थांबवलं. पुढे दुसऱ्या कंपनीने तोच धागा उचलला. जपानने डिसेंबर २०१८मध्ये ‘स्टेमिरॅक’ला सात वर्षांची सशर्त मान्यता दिली. यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून देतात. मान्यतेचा आधार होता १३ रुग्णांचा अभ्यास. त्यांतल्या बहुतेकांत सुधारणा दिसली, पण उपचार न घेतलेला तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी उघड टीका केली. शिवाय मज्जा दुखापतीनंतर ३१ दिवसांच्या आत काढावी लागते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने चरबीतल्या पेशी १० जणांना कमरेतून दिल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सात जणांची श्रेणी किमान एक पायरी सुधारली (दुखापत किती गंभीर ते या श्रेणीतून कळतं, ‘ए’ म्हणजे पूर्ण दुखापत, ‘ई’ म्हणजे सामान्य). तिथेही तुलनेचा गट नव्हता, कारण पहिल्या टप्प्याचा तो अभ्यास मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी होता. जपानमधल्या केइओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१मध्ये आयपीएसपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा माणसाच्या मज्जारज्जूत सोडल्या. प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी, एकूण चार रुग्ण, सगळे दुखापतीनंतर २ ते ४ आठवड्यांतले. मार्च २०२५मध्ये जाहीर झालं की गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, दोघांत सुधारणा दिसली आणि त्यांतला एक जण उभा राहू लागला. ही बातमी वाचून आम्हालाही भरून आलं होतं. पण उरलेल्या दोघांत तशी सुधारणा नव्हती, हेही त्याच बातमीत होतं.

तुलनेच्या गटावर आम्ही एवढे का अडून बसतो? कारण शरीर स्वतःहूनही सुधारतं. सुरुवातीला ‘ए’ श्रेणीत असलेल्यांपैकी, म्हणजे पूर्ण दुखापत समजल्या गेलेल्यांपैकी, सुमारे २० टक्के लोक पहिल्या वर्षात कुठल्याही पेशी न घेता वरच्या श्रेणीत जातात. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते. चौथ्या महिन्यात परदेशात जाऊन आलेल्या मुलाचं बोट सहाव्या महिन्यात हललं, तर श्रेय कुणाचं? त्यात पॅकेजमध्ये रोज चार-चार तास फिजिओथेरपी असते. घरी ती आठवड्यातून दोनदाच होत होती.

वाईट निकालही सांगायला हवेत. चीनमध्ये मज्जारज्जूत पेशी सोडण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या सात जणांना बाहेरच्या डॉक्टरांनी आधी आणि नंतर तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात एकाचीही उपयोगी ताकद वाढलेली नव्हती आणि पाच जणांमध्ये गुंतागुंत झाली होती, त्यात मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा संशय होता. पोर्तुगालमध्ये नाकातलं अस्तर मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठ दुखू लागली. २०१४च्या अहवालानुसार तिच्या मज्जारज्जूत गाठ झाली होती आणि त्या गाठीत शेंबडासारखा स्राव साठला होता. नाकाच्या पेशी नाकाचंच काम करत राहिल्या. धोका असा आठ वर्षांनीही समोर येऊ शकतो, आणि तोवर केंद्राचा फोन नंबर चालू असेलच असं नाही.

व्हिडिओ कसा बघावा?

एका वडिलांनी आमच्या कामाच्या टेबलावर फोन ठेवून आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. ‘आधी’मध्ये एक मुलगा खुर्चीत बसलेला, ‘नंतर’मध्ये तोच समांतर दांड्यांमध्ये उभा. आम्ही तो थांबवून थांबवून पाहिला. पँटच्या आत गुडघ्याशी कडा दिसत होती, म्हणजे गुडघा ब्रेसने अडकवलेला होता. मागे बसलेल्या फिजिओचा तळहात मुलाच्या कमरेवर टेकलेला होता. लांब ब्रेस आणि दांड्या मिळाल्या तर छातीच्या पातळीवर पूर्ण दुखापत असलेले कितीतरी जण असे उभे राहू शकतात, कुठलंही इंजेक्शन न घेता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तो हसतोय ना, मी फक्त तेवढंच पाहत होतो.’’ आम्हाला त्या हसण्याबद्दल शंका नाही. तुम्ही मात्र आधी गुडघा बघा, मग मागचा हात बघा, आणि अंगठा हलताना दिसला तर ‘हलव’ म्हटल्यावर तो दर वेळी हलतो का ते बघा. पाय उडण्याचे झटके आणि स्वतःच्या मर्जीची हालचाल कॅमेऱ्यात सारखीच दिसते.

केंद्राला काय विचारायचं?

पहिला प्रश्न पैशाचा. खरी वैद्यकीय चाचणी रुग्णाकडून साधारणपणे उपचाराचे पैसे घेत नाही. कुणी मोठी रक्कम मागत असेल तर तो विकत घेतलेला उपचार झाला, मग त्याला नाव काहीही असो. ‘आमची चाचणी अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेली आहे’ असं सांगतात, ते खरंही असतं. पण तिथली नोंद ही फक्त नोंद आहे. केंद्र ती स्वतः करतं आणि नोंद झाली म्हणजे कुणी मान्यता दिली असा तिचा अर्थ होत नाही.

मग विचारा की मोजमाप कोण करणार. इंजेक्शन देणाऱ्यानेच सुधारणा मोजली तर तिला फारसा अर्थ नाही. जाण्याआधी इथेच, तुमच्या ओळखीच्या पुनर्वसनतज्ज्ञाकडून पूर्ण ‘एशिया’ तपासणी करून घ्या. वर सांगितलेली श्रेणी याच तपासणीतून ठरते. त्यात दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी १० स्नायूंना शून्य ते पाच गुण देतात, प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी हलका स्पर्श आणि टाचणी तपासतात आणि गुदद्वाराची संवेदनाही बघतात. शेवटचा भाग संकोचाने टाळला तर दुखापत पूर्ण की अपूर्ण हे ठरतच नाही. परत आल्यावर त्याच तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या.

पेशी दुसऱ्याच्या असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती दिवस, आणि तेवढ्या काळात लघवीचा संसर्ग झाला तर काय, हे लेखी मागा. गुंतागुंत झाली तर तिथल्या वाढीव मुक्कामाचा खर्च कुणाचा, हेही लिहून घ्या. प्रवासविमा बहुधा ठरवून केलेल्या उपचारातली गुंतागुंत धरत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी एजंट स्वतःहून सांगत नाही: एकदा कुठल्याही पेशी घेतल्या की पुढच्या बहुतेक खऱ्या चाचण्यांमध्ये तुम्हाला घेत नाहीत, कारण मग कशाने काय झालं ते वेगळं काढता येत नाही. आज घाई केली तर उद्याचं दार बंद होऊ शकतं.

तरीही निघालात तर

तुमचा निर्णय तुमचा. एकदा ठरलं की मग आमच्या हातात आहे ते आम्ही मनापासून करू.

आमचा एक ग्राहक इंजेक्शन घेऊन परत आला तो माकडहाडावर नाण्याएवढी जखम घेऊन. त्याचं कुशन सामानात गेलं होतं. विमानाच्या सीटवर तो नऊ तास बसला, आणि तिथे इंजेक्शननंतर बराच वेळ सपाट झोपवून ठेवला, कुणी कूस बदलली नाही. ती जखम भरेपर्यंत त्याला बसता येत नव्हतं. म्हणून सांगतो, कुशन सामानात द्यायचं नाही, ते विमानाच्या सीटवर अंगाखालीच हवं. हवेचं कुशन असेल तर विमान वर गेल्यावर आतली हवा फुगते आणि कुशन कडक होतं. वर गेल्यावर बसण्याच्या हाडाखाली हात सरकवा आणि हाड व तळ यांत एक ते अडीच सेंटिमीटर जागा राहील इतपतच हवा ठेवा. उतरल्यावर पुन्हा तपासून भरा. बसल्या जागी दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवा, आणि हॉस्पिटलमध्ये दर दोन तासांनी कूस बदलायची हे सोबतच्या माणसाने घड्याळ लावून करावं. टाचांखाली उशी घरूनच न्या.

दुखापत टी-६, म्हणजे छातीच्या सहाव्या पातळीवर, किंवा त्याच्या वर असेल तर अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, दुखापतीच्या वरच्या भागात घाम सुटणं याकडे दुर्लक्ष करू नका. रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. लगेच ताठ बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा, आणि आराम पडला नाही तर डॉक्टरला बोलवा. परदेशातल्या नर्सला हे माहीत असेलच असं धरू नका. आम्ही याचं एक छोटं कार्ड तयार केलंय. जाणार त्या देशाच्या भाषेत ते भाषांतर करून घ्या आणि खुर्चीच्या पाठीला बांधा.

कमरेत इंजेक्शन घेतल्यावर ताप, मान आखडणं, उलटी, उजेड सहन न होणं, किंवा पाय उडण्याचं प्रमाण एकदम वाढणं यांपैकी काहीही दिसलं तर विमानात बसू नका, आधी दाखवा. परत निघताना पेशींचा प्रकार, संख्या, बॅच नंबर, दिलेली जागा आणि तारीख असलेला कागद सही-शिक्क्यानिशी घ्या. काही वर्षांनंतर इथल्या डॉक्टरला एमआरआयमध्ये काही दिसलं, तर तो कागदच उपयोगी पडेल.

निघायच्या दोन आठवडे आधी कुशन आणि खुर्ची आमच्याकडे आणा. झडप गळते का, चाकांची हवा, ब्रेक, बॅटरीवरची क्षमतेची खूण हे सगळं बघून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. आल्यावर आठवडाभरात आम्हाला घरी बोलवा. आरसा घेऊन येऊ आणि माकडहाड, बसण्याची हाडं, टाचा बघून घेऊ.