घावन की आंबोळी: एक संध्याकाळी सुचतं, दुसरी सकाळीच ठरवावी लागते

कामावरून घरी पोचायला साडेसात वाजलेले, बाहेर पावसाची झड, आणि पोळ्या लाटायचं त्राण उरलेलं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत अशा वेळी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा चुलीवर किंवा गॅसवर चढतो. त्यावर जे पडतं त्याला कुणी घावन म्हणतं, कुणी आंबोळी. दोन्ही तांदळाची, दोन्ही पांढरी, दोन्हींना जाळी, दोन्हींवर झाकण. नावं तर गावागणिक फिरतात: एका वाडीत ज्याला घावन म्हणतात त्याला पुढच्या वाडीत सरळ आंबोळी म्हणतील, आणि शहरात गेलेली मंडळी दोन्हींना धिरडं म्हणून मोकळी होतील.

नाव काहीही घ्या, पण करताना दोन्हींची गल्लत झाली की पदार्थ बिघडतो. घावनाच्या रीतीने टाकलेली आंबोळी दडदडीत होते आणि आंबोळीसारखं पसरवलेलं घावन तव्याला चिकटून बसतं. म्हणून फरक नीट समजून घेतलेला बरा. तो एकाच गोष्टीत आहे: पीठ आंबलेलं आहे की नाही. आंबोळी म्हणजे आंबवलेली, हे तिच्या नावातच आहे. (सावंतवाडी तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या आंबोलीशी तिचा संबंध नाही, तिथे 'ल', इथे 'ळ'.) घावनाचं पीठ पाण्यात कालवलं, थोडा वेळ मुरलं, की तव्यावर जातं. बाकी सगळं, म्हणजे पिठाचा पातळपणा, तव्याचा ताव, डाव फिरवायचा की नाही, सोबत काय वाढायचं, हे या एका गोष्टीमागून येतं.

ताटात समोर आलेलं काय आहे हे ओळखायचं असेल तर ते उचलून उजेडाकडे धरा. घावनाची भोकं आरपार असतात, त्यातून खिडकीचा उजेड दिसतो. पातळ पिठातलं पाणी तापलेल्या तव्यावर क्षणात वाफ होऊन वर उसळतं आणि जाताना वाट मोकळी करून जातं, म्हणून ती आरपार. आंबोळीची भोकं वरून विहिरीसारखी खोल दिसतात, पण तळ बंद असतो. उलटी केलीत तर खालची बाजू गुळगुळीत आणि बदामी. तिची जाळी आंबताना तयार झालेल्या वायूची. उडदाच्या आणि मेथीच्या चिकटपणाने तो पिठात धरून ठेवलेला असतो आणि तव्याच्या उष्णतेने वर येऊन फुटतो. घावन पातळ, मऊ, घडी घालता येईल असं. आंबोळी जाड, लुसलुशीत, किंचित आंबूस.

घावन आयत्या वेळचं

चार माणसांच्या हलक्या जेवणाला २ वाट्या तांदळाचं पीठ (वाटी साधारण १५० मिलिलिटरची), ४ वाट्या पाणी आणि पाऊण चमचा मीठ. पीठ धुवून सुकवलेल्या तांदळाचं, बारीक दळलेलं हवं. मोदकांसाठी करून ठेवतात तेच. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग उरलेलं पाणी घाला. पीठ ताकाइतकं पातळ दिसायला हवं. डाव बुडवून काढला की त्याच्या पाठीवर पातळसा थर राहावा आणि बोटाने रेघ ओढली तर ती लगेच बुजावी. पहिल्यांदा करणाऱ्याला हे पीठ हमखास फार पातळ वाटतं आणि तो भीतीने आणखी पीठ घालतो. घालू नका. जाळी न पडण्याचं पहिलं कारण तेच असतं.

कालवलेलं पीठ १५ ते २० मिनिटं तसंच ठेवा. कोरडं पीठ तेवढ्या वेळात पाणी पिऊन घेतं. न मुरलेल्या पिठाचं घावन उचलताना तुटतं. मऊपणा हवा असेल तर सकाळच्या भातातला मूठभर भात किंवा २ चमचे ओलं खोबरं मिक्सरमध्ये गंधासारखं वाटून त्यात मिसळा. पीठ घरात नसेल तर २ वाट्या सुरय (न उकडलेले) तांदूळ ४ तास भिजवून अगदी बारीक वाटूनही हेच करतात. तशा घावनाला चव जास्त चांगली येते, पण मग ते आयत्या वेळचं राहत नाही. तांदूळ जुना घ्या. नव्या तांदळाला चिकटपणा जास्त, त्याचं घावन कालथ्याला लोंबतं. उकडा तांदूळ घावनाला नको.

तवा बिडाचा असावा आणि तो भाकरी-पोळीच्या तव्यापेक्षा वेगळा ठेवावा. तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवतात. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं (घाटलं म्हणजे गोड, खिरीसारखा पदार्थ) करताना कांदा चालत नाही. तेव्हा नारळाची शेंडी किंवा केळीच्या पानाचा देठ ठेचून त्याचा कुंचला करतात. तेल नुसतं पुसल्यासारखं लागलं पाहिजे. तेलाचं थारोळं साचलं तर पीठ त्यावरून घसरतं आणि घावनाला कड येत नाही.

आता टाकण्याची रीत. तवा मोठ्या आचेवर असा तापवा की पाण्याचे थेंब शिंपडले तर नाचत उडून गेले पाहिजेत. पीठ तळापासून ढवळा, दर घावनाच्या आधी ढवळा, कारण तांदळाचं पीठ दोन मिनिटांत खाली बसतं. डावभर पीठ घेऊन चार बोटं उंचीवरून आधी तव्याच्या कडेने गोल ओता, मग आत येत मधली जागा भरा. चर्र आवाज व्हायला हवा आणि ओतता ओतताच भोकं दिसू लागायला हवीत. रिकामी राहिलेली जागा थेंब टाकून बुजवा. डावाने पसरवायला जाऊ नका: खालचा थर तोवर शिजलेला असतो, तो डावाबरोबर ओढला जातो. झाकण ठेवा. मिनिटभराने कडा सुटून वर आलेल्या दिसतात, कालथ्याने उचला. उलटायचं नाही. गरम घावनं एकावर एक ठेवली की एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक घावन आधी चाळणीवर किंवा पंचावर पसरा, वाफ गेली की चौपदरी घडी घाला. एवढ्या पिठात १० ते १२ होतात.

शेवटची दोन-तीन जाड आणि बिनभोकांची होतात ही नेहमीची तक्रार. ढवळण्यात कसूर झाल्याने वरचं पाणी आधी संपतं आणि तळाला दाट पीठ उरतं. पाव वाटी पाणी घालून पुन्हा ढवळलं की जाळी परत येते. याउलट घावन उचलताना चिंधड्या होत असतील तर पीठ खरंच पातळ झालंय, तेव्हा मात्र १ ते २ चमचे पीठ घाला. आणि चिकटत असेल तर पिठाकडे बघायच्या आधी तव्याकडे बघा. साबणाने घासलेल्या बिडाच्या तव्याचं तेल निघून जातं. त्याला तेल लावून धूर येईपर्यंत तापवणं, पुसणं, पुन्हा तेल लावणं हे दोन-तीनदा करावं लागतं.

दक्षिणेला मंगळूरकडे गेलं की याच पदार्थाचं जवळचं भावंड भेटतं, नीर दोसा. तुळू भाषेत नीर म्हणजे पाणी, त्यामुळे पीठ किती पातळ हवं याचा खुलासा नावातच झालेला असतो.

आंबोळी सकाळीच ठरते

आंबोळी रात्रभर आंबवून सकाळी न्याहारीलाच करायची असते असा समज आहे. नोकरी करणाऱ्या घरात उलट वेळापत्रक जास्त सोयीचं पडतं: सकाळी डबे भरताना पीठ भिजवायचं, संध्याकाळी आंबोळ्या टाकायच्या. कोकणच्या उकाड्यात एवढे तास पुरेसे होतात. यासाठी चक्कीवरून आंबोळीचं पीठ दळून ठेवलेलं असावं: १ किलो जाडा तांदूळ, पाव किलो उडीद डाळ, २ चमचे मेथी. काही घरांत मूठभर चणाडाळ किंवा ज्वारीही घालतात. दळण किंचित रवाळ ठेवायला सांगा. पिठी केली तर आंबोळी चिकट होते. पावसात तासन्‌तास वीज जाते आणि मिक्सर गप्प बसतो, तेव्हा हे पीठ फारच कामाला येतं.

सकाळी आठला २ वाट्या पिठात साधारण २ वाट्या कोमट पाणी घालून हाताने ५ मिनिटं फेटा. हातानेच, आणि एकाच दिशेने, म्हणजे हवा आत राहते. भांडं पिठाच्या दुप्पट मोठं घ्या आणि झाकण घट्ट लावू नका. मीठ संध्याकाळी. पाऊस-थंडीचे दिवस असतील तर चमचाभर आंबट ताक किंवा आदल्या वेळचं उरलेलं पीठ विरजणासारखं घाला आणि भांडं चुलीच्या उबेला किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात ६ ते ८ तासांत पीठ फुगतं. डिसेंबर-जानेवारीत १० ते १२ लागतात. एप्रिल-मेमध्ये दिवसभर बाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत फार आंबतं, तेव्हा थंड पाण्यात भिजवा.

झाकण उघडल्यावर पीठ वर आलेलं, कडेला बुडबुडे धरलेले आणि वास ताकासारखा आंबूस असेल तर झालं. मीठ घालून अगदी हलक्या हाताने, दोन-तीन फेऱ्यांत मिसळा. इथे जोरात ढवळणं म्हणजे दिवसभरात साठलेला वायू घालवणं. घावनाचं पीठ दर वेळी ढवळायचं, आंबोळीचं ढवळायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दाटपणा इडलीच्या पिठापेक्षा थोडा सैल हवा. लागलंच तर पाव वाटी पाणी बाजूने सोडा.

पीठ फुगलंच नाही तर बहुतेक वेळा उडीद जुनी असते किंवा मेथी विसरलेली असते. त्यावर खायचा सोडा घालून वेळ मारून नेतात. सोड्याने भोकं पडतात हे खरं, पण आंबलेल्या पिठाची चव सोड्याने येत नाही, आणि जास्त पडला तर आंबोळी पिवळट होऊन साबणासारखी लागते. त्यापेक्षा त्या दिवशी त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी करा आणि आंबोळी उद्यावर ढकला.

तव्याच्या तावाला सगळ्यात जास्त जपा, कारण घावनाची सवय असलेला हात इथेच चुकतो. तवा तापला की आच मध्यम करा, पाण्याचा हबका मारा, पुसा, तेल लावा. मग डावभर पीठ मधोमध ओता आणि डावाच्या पाठीने एक-दोन हलके वेढे देऊन बशीएवढं पसरवा. डोशासारखं पातळ ओढू नका. तवा फार तापलेला असेल तर तळ झटकन आवळतो, बुडबुडे वर यायच्या आधीच अडकतात आणि वरची बाजू सपाट राहते. झाकण ठेवून २ मिनिटं. वरचं ओलसर चकाकणं गेलं, भोकं कोरडी दिसली की कडेने चमचाभर तेल सोडून उलटा, अर्ध्या मिनिटात काढा. काही घरांत उलटतही नाहीत. वरची जाळी मऊ राहते आणि रस्सा चांगला पिते. दोन वाट्या पिठाच्या ७-८ होतात.

सोबतीला काय, हेही जाळीच ठरवते. आरपार भोकांचं पातळ घावन नारळाच्या रसात बुडवून खायचं: अर्ध्या नारळाचं जाड दूध वाटीभर, त्यात पाव ते अर्धी वाटी चिरलेला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. हा रस उकळू नका, गुळाबरोबर उकळला की फुटतो. गूळ गारच दुधात विरघळू द्या. गोड नको असेल तर ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा सकाळची माशाची आमटी.

आंबोळीला तिच्या विहिरींत साठेल असा दाट रस्सा हवा, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याइतकं तिला काही शोभत नाही. हे सांबारं अवघड वाटतं ते वाटाणे भिजवायचं विसरल्यामुळे. सकाळी पीठ भिजवतानाच शेजारच्या भांड्यात वाटीभर काळे वाटाणे भरपूर पाण्यात टाकले की संध्याकाळपर्यंत ते तयार. कुकरला ५-६ शिट्ट्या, कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटप, २ चमचे मालवणी मसाला, शेवटी २-३ आमसुलं. वाटप रविवारी जास्त करून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवड्यात दोनदा पुरतं. उकळी येईपर्यंत दुसऱ्या शेगडीवर आंबोळ्या होतात.

घावन गरमच खावं. तांदळाचा पदार्थ गार झाला की आवळतो आणि घावन इतकं पातळ असतं की तासाभरात चामट लागतं. डब्यात द्यायचं तर आंबोळी द्या, ती उडदामुळे दुपारपर्यंत मऊ राहते. आंबोळीचं उरलेलं पीठ फ्रीजमध्ये २ दिवस छान टिकतं, फक्त रोज आंबट होत जातं. घावनाचं उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी वर निवळ पाणी आणि खाली घट्ट साका दिसेल. पाणी ओतून टाका आणि तो साका फार आंबट झालेल्या आंबोळीच्या पिठात हलकेच मिसळा. आंबटपणा उतरतो, अर्ध्या तासाने तवा ठेवायला हरकत नाही.