ठोके नीट म्हणजे हृदय नीट, असं नसतं

'सोनोग्राफीत ठोके ऐकले, मिनिटाला 140 होते, म्हणजे बाळाचं हृदय ठणठणीत' हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. 110 ते 160 ठोक्यांवरून फक्त गती कळते, रचना नाही.

महाधमनी (शरीराला रक्त नेणारी) आणि फुप्फुस धमनी (फुप्फुसांना रक्त नेणारी) यांची अदलाबदल झालेली असते, ते उदाहरण घ्या. पोटात प्राणवायू वारेतून मिळतो, त्यामुळे बाळ छान वाढतं, ठोकेही नॉर्मल. जन्मानंतर या दोन धमन्यांना जोडणारी वाहिनी मिटू लागते आणि बाळ निळं पडतं. आधी माहीत असेल तर प्रसूती अशा रुग्णालयात ठरवता येते, जिथे ती वाहिनी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे औषध लगेच सुरू होतं आणि पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया होते.

या दोषात हृदयाचे चारही कप्पे बहुधा नॉर्मलच दिसतात. म्हणून 18 ते 20 आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनच्या (बाळाच्या अवयवांची रचना तपासणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये दोन्ही धमन्या नॉर्मल हृदयात ओलांडतात तशा एकमेकींना ओलांडताना दिसल्या का, हृदयाजवळच्या तीन मोठ्या रक्तवाहिन्यांचं दृश्य (थ्री-व्हेसल व्ह्यू) तपासलं का, हे जरूर पाहा. बाळाची पाठ वर असली की हे नीट दिसत नाही. तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा बोलावलं, तर टाळू नका.

आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल, किंवा आईवडिलांना वा आधीच्या मुलाला हृदयदोष असेल, तर फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) करावीच. मात्र बहुतेक हृदयदोष असा कोणताही धोका नसलेल्या घरांतच आढळतात. स्कॅन नॉर्मल आला तरी हृदयातलं छोटं छिद्र नजरेतून निसटू शकतं.