अतिशयोक्ती वेगळी आणि फुगवून सांगणं वेगळं

"उगाच अतिशयोक्ती करू नकोस" असं आपण ज्याला ऐकवतो तो बऱ्याचदा अतिशयोक्ती करतच नसतो, तो फुगवून सांगत असतो. दोन्हीत गोष्ट आहे त्यापेक्षा मोठी होते म्हणून आपण दोन्हीला एकच नाव देऊन मोकळे होतो. पण अतिशयोक्ती करणाऱ्याला तुम्ही त्याचं बोलणं शब्दशः खरं मानावं असं अजिबात वाटत नसतं, आणि फुगवून सांगणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

शाळेतलं ते दमडीच्या तेलाचं उदाहरण आठवा, अतिशयोक्ती अलंकार म्हटला की सगळ्यांना तेच शिकवतात. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, उरलेलं झाकून ठेवलं, मग लांडोरीचा पाय लागला, ओघळ पार वेशीपर्यंत गेला आणि त्यात उंट पोहून गेला. आता गंमत बघा, हे सगळं "उरलेलं झाकून ठेवलं" इथेच थांबलं असतं तर ती एका सुनेची बढाई झाली असती, ऐकणारा मनात म्हणाला असता की बाई जरा जास्तच सांगतेय पण असेलही बाबा, कोणी सांगावं. उंट तेलात उतरला की ते "असेलही" संपतं. मला तर त्या अख्ख्या प्रकरणात उंटच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

दंडी नावाच्या संस्कृत साहित्यशास्त्रकाराने अतिशयोक्तीची व्याख्या करताना म्हटलंय की ती लोकसीमा ओलांडते, म्हणजे जगात जे घडू शकतं त्याच्या पलीकडे जाते, आणि वर तिला उत्तम अलंकार म्हणून मानही दिलाय. ती सीमा ओलांडलेली ऐकणाऱ्याला दिसली पाहिजे, सगळी मेख इथेच आहे. फुगवून सांगणारा सीमेच्या अलीकडेच घुटमळतो, कारण पलीकडे गेला तर पकडला जाईल. 

त्यामुळे एक उलटंच गणित तयार होतं. तुम्ही कोणाला चारदा सांगितलंय आणि म्हणालात "तुला हजारदा सांगितलं" तर तुम्ही खोटं बोलला नाहीत, हजार कोणी मोजत बसत नाही. पण तेच चारदा सांगून "तुला सात वेळा सांगितलं" म्हणालात तर ती सरळ थाप आहे, कारण सात हा आकडा मोजून सांगितल्यासारखा वाटतो. म्हणजे आकडा जितका छोटा आणि पटण्यासारखा तितकी लबाडी जास्त. अर्थात हजार म्हटलं की सगळं माफ असंही नाही हां, मुळात एकदाच सांगितलं असेल तर "हजारदा" पण खोटंच, कारण "पुष्कळदा सांगितलं" हा जो आतला अर्थ आहे तोच खोटा पडतो. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन पहिल्या शतकात साधारण हेच सांगून गेलाय, की अतिशयोक्ती खोटं बोलते पण फसवायच्या हेतूने बोलत नाही.

ओळखायचं कसं? समोरच्याला फक्त "खरंच?" असं विचारा. अतिशयोक्तीवाला हसेल किंवा "अरे म्हणजे खूप रे" म्हणेल, आणि तिखटमीठ लावून सांगणारा शपथा घ्यायला लागेल.

हा फरक कोर्टातही गेलाय. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने 1891 मध्ये जाहिरात दिली की आमचा बॉल (नाकातून औषधी धूर ओढायचा रबरी चेंडू) सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर 100 पौंड देऊ, आणि आम्ही सिरियस आहोत हे दाखवायला 1000 पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंनी तो वापरला, तरी त्यांना इन्फ्लुएन्झा झालाच, त्यांनी पैसे मागितले तर कंपनी म्हणे ती नुसती जाहिरातबाजी होती, ते काय कोणी खरं धरतं का. कोर्टाने ऐकलं नाही. बँकेत पैसे ठेवल्याचं स्वतःच सांगता आणि मग म्हणता मनावर घेऊ नका, हे कसं चालेल.

याच्या उलट अमेरिकेतली पेप्सीची केस. 1996 च्या जाहिरातीत एक शाळकरी पोरगा चक्क हॅरियर फायटर जेट घेऊन शाळेत उतरतो आणि स्क्रीनवर येतं, 70 लाख पॉइंट्स (म्हणजे पेप्सी घेतली की मिळणारे, साठवून वस्तू मिळवायचे पॉइंट्स). एका तरुणाने हिशोब केला, पॉइंट्स विकतही मिळत होते, मग जवळपास 7 लाख डॉलरचा चेक पाठवून जेट मागितलं, जे तेव्हा साधारण 2.3 कोटी डॉलरचं होतं. 1999 मध्ये कोर्टाने सांगितलं की शहाण्या माणसाला हा विनोदच वाटेल, जेट वगैरे काही मिळणार नाही. तिथे उंट स्पष्ट दिसत होता एवढंच.

खरा घोळ होतो तो नेहमी, कधीच, सगळे, कोणीच असल्या शब्दांनी. "तू नेहमीच उशिरा येतोस" हे बोलणाऱ्याच्या मते अतिशयोक्ती असते, ऐकणाऱ्याला तो सरळ आरोप वाटतो, आणि मग तो गेल्या महिन्यात वेळेवर आला होता ते दिवस मोजून दाखवतो आणि भांडण मूळ मुद्दा सोडून भलतीकडेच जातं. चॅटवर तर आवाजही नसतो, चेहराही नसतो, त्यामुळे तिथे अतिशयोक्ती करायचीच असेल तर दणदणीत करा, अर्धवट केली की ती फुगवणंच वाटते.

आणि तक्रार अर्जात ती करूच नये. तो वाचणाऱ्याचं कामच शब्दशः वाचायचं असतं, "शंभर वेळा फोन केला" लिहिलंत तर तो रेकॉर्ड काढून चार दाखवेल, आणि "अक्षरशः शंभर वेळा" लिहिलंत तर मग बोलायलाच नको.