ब्रिटनमध्ये कामामुळे दमा जडला असेल तर सरकारी भत्त्याचा अर्ज कसा करायचा

नोकरीतल्या धुळीमुळे किंवा वाफेमुळे दमा झालेल्यांना ब्रिटनमध्ये ‘इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट’ हा भत्ता मिळू शकतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, घरचं उत्पन्न आड येत नाही आणि या पैशांवर आयकरही नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांनी मात्र आधी हिशेब करावा, कारण त्या भत्त्यातून ही रक्कम वजा होते.

अर्जदार नोकरदार असायला हवा. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हा भत्ता नाही. सरकारच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत दम्याचा क्रमांक डी-७ आहे आणि त्यात कारणीभूत पदार्थांची नावंच दिली आहेत: पीठ आणि धान्याची धूळ, लाकडाचा भुसा, स्प्रे पेंटमधली आयसोसायनेट, सोल्डरिंगचा धूर, केसांच्या ब्लीचमधली परसल्फेट, चहाची धूळ, आणि हो, मेंदीसुद्धा. तुमचा पदार्थ यादीत नसला तरी लगेच निराश होऊ नका. शेवटचं कलम ‘कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारा अन्य कोणताही ॲलर्जीकारक पदार्थ’ असं आहे. फक्त तेव्हा पुरावा जास्त भक्कम लागतो.

नोकरी सोडलेल्यांनी एक मुदत विसरू नये. त्या पदार्थाशी संबंध येणारं काम थांबल्यापासून १० वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. शिवाय मागची थकबाकी फार तर ३ महिन्यांची मिळते, म्हणून निदान झालं की अर्ज टाकावा.

फॉर्म आहे ‘बीआय १००पीडी’. एकदाच गॅसगळतीसारखा प्रसंग घडून दमा झाला असेल तर तो अपघात धरला जातो आणि त्याचा फॉर्म वेगळा आहे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (ब्रिटनमधला सामाजिक विम्याचा वैयक्तिक क्रमांक), कुठे काय काम केलं त्याच्या तारखा, मालकांची नावं-पत्ते आणि डॉक्टरांचा तपशील ‘बीआय १००पीडी’मध्ये लिहायचा असतो. माझ्या मते खरी भिस्त दोन कागदांवर आहे. पहिला पीक फ्लो मीटरच्या (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) नोंदींचा: दिवसातून चारदा, काही आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही धरून. सुट्टीत आकडे सुधारतात आणि कामावर गेलं की घसरतात, हे त्यातून उघड दिसतं. दुसरा कागद म्हणजे वापरलेल्या मालाचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यातल्या घातक घटकांची माहिती देणारा उत्पादकाचा कागद. नोकरी सुटल्यावर ते मिळवणं अवघड होतं, तेव्हा आत असतानाच प्रत घेऊन ठेवा.

पुढे वैद्यकीय तपासणी होऊन अपंगत्वाची टक्केवारी ठरते. किमान १४ टक्के लागते. १४ ते १९ टक्क्यांना २० टक्क्यांचा दर मिळतो. २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ४५.०६ पौंड होता, १०० टक्क्यांना २२५.३० पौंड. निर्णय पटला नाही तर पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागायचा, आणि तिथेही नकार आला तर ट्रिब्युनलकडे (स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं.